इर्जिकीला हार नसतो

तुमसरात कुणाचा सत्कार ठरला की मंडपवाल्याच्या आधी मला फोन येतो. तीस-बत्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, ते लोक विसरले. पण माझं अक्षर बरं आहे आणि मला मानपत्र लिहिता येतं, हे काही कुणी विसरत नाही. निवृत्त होणारे मुख्याध्यापक, बदली झालेले साहेब, पंचाहत्तरी गाठलेले भजनी बुवा, सगळ्यांना मी 'कर्तव्यदक्ष', 'मितभाषी' आणि 'आधारवड' करून सोडलं आहे. त्यातल्या एका मितभाषी साहेबांनी सत्काराला उत्तर देताना दीड तास घेतला. मागच्या रांगेतले लोक भाषण सोडून माझ्याकडेच बघून हसत होते. तेव्हापासून तो शब्द मी सोडला.

म्हणून शेठ माझ्या दारात चपला काढताना घसा खाकरू लागला, तेव्हाच माझ्या लक्षात आलं. शेठ म्हणजे आमच्या गावातला राइस मिलवाला. प्राथमिक शाळेत आम्ही एका वर्गात होतो. आता सगळं तुमसर त्याला शेठजी म्हणतं. मी नुसतं शेठ म्हणते ते त्याला चिडवायला, आणि तो मला मास्तरीण म्हणतो तेही त्याच कामासाठी. पोरांच्या वह्यांतलं 'मले' मी जन्मभर लाल शाईनं 'मला' करत आले. पण शेठ समोर बसला की माझ्या तोंडून दुसरं काही निघतच नाही.

"मास्तरीण, भंडाऱ्याले माझा सत्कार हाय," तो म्हणाला.

"मंग पेढे कुठं हायेत?"

"पेढे मागून. तुले मानपत्र लिवाचं हाय."

जिल्ह्यातल्या उद्योजकांची संघटना आणि जिल्हा प्रशासन मिळून सत्कार करणार होते. पुरस्काराचं नाव एका श्वासात न मावणारं, 'प्रादेशिक विकासातील सार्वजनिक-खासगी भागीदारी' आणि पुढं आणखी काहीतरी. कारण होतं त्याच्या मिलमागच्या गावातला तलाव. मागच्या उन्हाळ्यात त्यानं आणि सरकारनं मिळून त्या तलावाचा गाळ काढला होता. मला मनापासून आनंद झाला. हा माणूस भाजीवाल्याशी सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, एका जुडीसाठी पाव तास भांडतो, माझ्या घरी येऊन चहात साखर कमी म्हणून तोंड वाकडं करतो आणि डॉक्टरनं साखर बंद केल्याचं सोयीनं विसरतो. पण तलावाच्या कामात त्यानं हात आखडता घेतला नव्हता, हे मी डोळ्यांनी बघितलेलं होतं.

"पन एक अट हाय," तो म्हणाला. "लिवून झालं का गावात जाऊन वाच. त्यायनं हाव म्हटलं, खाली दोन-चार सह्या केल्या, तं मी स्टेजवर चढन."

"आन नाही म्हटलं तं?"

"तं नाही चढत. मंग समजन का राख अजून तशीच हाय."

राखेचं सांगायला हवं. धान उकडायला बॉयलर लागतो आणि बॉयलरमध्ये धानाचं तूस जळतं. शेठच्या वडिलांच्या काळात मिलच्या धुराड्याला चाळण नव्हती. वारा पश्चिमेचा असला की सगळी राख मागच्या गावावर. वाळत घातलेल्या लुगड्यांवर काळे ठिपके, उन्हात मांडलेल्या वड्यांवर काळे ठिपके, तलावाच्या पाण्यावर काळी साय. गावातल्या बायका तक्रार घेऊन आल्या, तेव्हा थोरले शेठ गादीवरून न उठता म्हणाले होते, "राख म्हंजे खतच. फुकटात भेटून राहिलं." हे वाक्य त्या गावात अजून पाठ आहे. गावाचं नाव मी इथं घेत नाही. घेतलं तर तिथले लोक माझ्यावर रागावतील.

मिल याच्या हातात आली तेव्हा यानं पहिलं काम केलं ते राख धरून ठेवणारं यंत्र बसवण्याचं. राख थांबली. लुगडी स्वच्छ वाळू लागली. पण गाव काही जवळ आलं नाही. शेठ गावात गेला की खुर्ची येते, खुर्ची पुसली जाते, चहा बशीसकट येतो, 'या शेठजी', 'बसा शेठजी', 'तुमी कायले तरास घेतला' असं सगळं होतं आणि मग लोक एकेक करून कामाला निघून जातात. एकदा गोबरवाहीच्या रस्त्यानं गाडीतून येताना तो मला म्हणाला होता, "मास्तरीण, त्या गावात मले कोनी शिव्या देत नाही. हेच लय वाईट हाय."

तेव्हा मी हसले होते. नंतर त्याचं तोंड बघितलं आणि हसू आवरलं.

तर तो तलाव. आमच्याकडे अशा तलावांना मामा तलाव म्हणतात. साताऱ्याकडचे एक तरुण अभियंता साहेब नव्यानं बदलून आले होते, त्यांनी पहिल्याच भेटीत अगदी गंभीरपणे विचारलं, "या जिल्ह्यात एवढे तलाव खोदणारे हे मामा कोण होते?" त्यांना सांगावं लागलं, की मामा कुणाचेच नाहीत. मालगुजारांच्या वेळचे तलाव, ते गेल्यावर 'माजी मालगुजारी' झाले, आणि सरकारी कागदावर आखडत आखडत मामा झाले. साहेब लाजले. पण पोरगा गुणी. पुढं दोन महिने उन्हातान्हात टेप घेऊन त्यानं गाळ मोजला. नाकाची साल निघाली, तरी छत्री धरली नाही. काम संपेपर्यंत तोही 'पानी कवा येईन' म्हणायला शिकला होता.

गाळ काढायची योजना सरकारची होती. सरकारनं डिझेल द्यायचं आणि मोजमाप करायचं, कुणा उद्योजकानं खोदाईचं मशीन आणि टिप्पर द्यायचे, शेतकऱ्यांनी निघालेला गाळ आपापल्या बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेतात, न्यायचा. तिघांचंही भलं होणार होतं. शेठनं स्वतः जाऊन नाव दिलं. आणि मग भरली ग्रामसभा. मलाही तो घेऊन गेला होता, "तू चांगलं बोलशील" म्हणून. मला बोलायची वेळच आली नाही.

अभियंता साहेबांनी कागद वाचला. 'सार्वजनिक-खासगी भागीदारी' हे शब्द आले आणि मागून पाणकर उभा राहिला. पाणकर म्हणजे तलावाचं पाणी कुणाच्या बांधीला कधी सोडायचं ते ठरवणारा गावाचा माणूस. हा सत्तरीच्या पुढचा, वाळलेला, आवाज मात्र तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, या टोकापासून त्या टोकाला जाणारा.

"साहेब, भागीदार म्हंजे हिस्सेदार," तो म्हणाला. "शेठजीचा हिस्सा कोनता? पान्याचा का मासोळीचा?"

"नाही, नाही, बाबा, तसं काही नाही. हा फक्त शब्द आहे."

"फक्त शब्द हाय तं कागदावर काहून लिवला?"

साहेब कागद उलटून बघू लागले. माझ्या वर्गात कुणी असा प्रश्न विचारला असता तर मी पैकीच्या पैकी गुण दिले असते. या गावातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी दुसऱ्याची जमीन बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, केलेली. भागीदार म्हणजे राबायच्या वेळी दिसत नाही आणि मळणीच्या दिवशी खळ्यावर येऊन उभा राहतो तो, हे त्यांना माहीत होतं. त्यात भागीदार कोण, तर राखवाल्याचा मुलगा. सभा उठली. जाताना प्रत्येकानं शेठला हात जोडून नमस्कार केला.

गाडीत बसल्यावर शेठ म्हणाला, "मास्तरीण, तू मराठीची ना? मंग शोध दुसरा शब्द."

मी शोधले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पाणकराच्या अंगणात जाऊन बसलो आणि मी एकेक शब्द पुढं केला. 'सहभाग' म्हटलं, तर पाणकर म्हणाला, "त्यातबी भाग हायच ना, बाई." खरंच होता. इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. 'सहयोग' म्हटलं, तर तो म्हणाला, "थो तं साधू-महाराजायचा शब्द हाय." 'हातभार' म्हटल्यावर त्यानं शेठच्या हातांकडे नुसतं बघितलं. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. जन्मभर मराठी शिकवून एका शब्दासाठी अंगणात बसून मार खायचा, म्हणजे काय!

पाणकराची बायको बाजूला सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "इर्जिक म्हना ना. कायले येवढे शब्द शोधून राहिले?"

इर्जिक आमच्याकडे आता कमी झाली, पण शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाचं काम अडलं, माणूस आजारी पडला, वखरणी मागं राहिली, की तो गावाला सांगतो, आणि लोक आपापले बैल, आपापली अवजारं घेऊन जातात. मजुरी नाही, हिस्सा नाही. ज्याचं काम त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं आणि संध्याकाळी ज्यानं त्यानं आपल्या घरी जायचं.

पाणकरानं विडीची राख झाडली. मग शेठला म्हणाला, "इर्जिक असन तं हरकत नाही. पन इर्जिकीले मशीन पाठवून चालत नाही, शेठजी. मानसानं स्वतः या लागते. हातानं काम करा लागते. आन आमच्या घरचं जेवा लागते."

"येतो," शेठ म्हणाला. एवढं एकच बोलला. पण गाडीपर्यंत तो जवळजवळ पळतच आला.

मग मशीन आलं. बायकांनी त्याच्या लोखंडी पंजाला हळदकुंकू लावलं, 'मशीनबाई इर्जिकीले आली' म्हणून मशीन चालवणाऱ्यालाही गंध लावलं, आणि सरकारी डिझेलवर काम सुरू झालं. शेठ पहिल्या दिवशी सकाळी सहाला घमेलं घेऊन हजर. नऊपर्यंत हाताला फोड आले, दहाला चक्कर आली, अकराला तो सावलीत बसून मला सांगत होता की त्याला काही झालेलं नाही. तरी तो रोज आला. रोज थोडा वेळ का होईना, घमेलं उचललं. वडे-भात, वरण, वांगं, जे पुढ्यात येईल ते जेवला. तळाचा काळा, लोण्यासारखा गाळ टिप्परमधून बांध्यांत गेला. पावसाळ्यात तलाव पाळीला लागला. त्या वर्षी शेवटच्या बांधीपर्यंत पाणी पोचलं, आणि त्यासाठी पाणकराला कुणाशीही भांडावं लागलं नाही. अशी सवय नसल्यामुळे तो थोडा हिरमुसला होता, असं त्याची बायको सांगते.

हे सगळं मी मानपत्रात लिहिलं. 'आधारवड' नाही, 'दानशूर' नाही. घमेलं लिहिलं, फोड लिहिले, अभियंता साहेबांचं सोललेलं नाकही लिहिलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं मानपत्र होतं, असं मला अजून वाटतं. ते पिशवीत घालून मी गावात गेले, पाणकराच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं जमवली आणि खड्या आवाजात वाचलं. फोडांच्या जागी लोक हसले. साहेबांच्या नाकाला टाळ्या पडल्या. मी पेन पुढं केलं.

पेन कुणी घेतलं नाही. लोक पाणकराकडे बघू लागले.

"बाई, लिवलं लय चांगलं," तो म्हणाला. "पन सही नाही करत आमी."

"काहून?"

"इर्जिकीले आलेल्याले कोनी हार घालते का? इर्जिकीले हार नसते, बाई. फिरती असते."

मला इतका राग आला, की फिरती म्हणजे काय हे विचारायचं भानच राहिलं नाही. मनात म्हटलं, बापाचं राखेचं वाक्य इतकी वर्षं पाठ ठेवलं, आणि मुलगा फोड येईपर्यंत राबला तर चार सह्या जड झाल्या! तसं बोललेसुद्धा, आणि आवाज चांगलाच चढवून बोलले. पाणकराच्या बायकोनं मला गूळ-पाणी आणून दिलं, ते मी न पिता निघाले. आज आठवलं की लाज वाटते.

शेठला मी सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो मिलच्या ऑफिसात बसला होता. मला वाटलं चिडेल, निदान गावाला दोन शब्द बोलेल. तो फक्त म्हणाला, "मान देऊन नाही म्हटलं. नेहमीसारखं." मग म्हणाला, "बापाचं वाक्य मले मिटवता नाही आलं, मास्तरीण." त्याचा आवाज फाटला होता. साठी उलटलेल्या माणसाला असं बघवत नाही. मला त्या गावाचा आणि स्वतःचा, दोघांचाही संताप आला. ते पेन पुढं करायचं काम माझ्याच हातून झालं होतं.

सत्काराला जायचं नाही, हे त्यानं घरात सांगून टाकलं. सून म्हणाली, पत्रिका छापल्या, बस ठरली, मिलचे सगळे कामगार भंडाऱ्याला टाळ्या वाजवायला निघाले, आता काय सांगायचं? तो म्हणाला, "तू जा. तब्येत बरी नाही सांग." सून शहाणी आहे, मिलचं निम्मं काम तीच बघते. तिनं वाद घातला नाही. कार्यक्रमाच्या सकाळी ती कामगारांना घेऊन बसनं निघाली. जाताना मला तेवढा फोन केला, "बाई, तुमचं ऐकतात. दुपारपर्यंत घेऊन या."

मी गेले तेव्हा तो झोपाळ्यावर बसलेला, अंगात घरचा सदरा. नवा कुडता इस्त्री करून पलंगावर ठेवलेला. मी बोलायला सुरुवात केली, रागावले, समजावलं, शाळेतल्या जुन्या गोष्टी काढल्या. तो 'हाव, हाव' म्हणत होता आणि जागचा हलत नव्हता. बोलता बोलता खोलीत अंधारून आलं, ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. हिवाळा सरत आला होता, पावसाचे दिवस नव्हते.

तेवढ्यात मिलच्या चौकीदाराचा फोन आला. आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. "शेठजी, मांगच्या गावचे लोक आले! गेट उघडून अंदर घुसले! फावडे घेऊन आलेत!"

शेठ पांढरा पडला. गाडी त्यानंच चालवली. मला आठवत होतं, की त्या अंगणात मी काय काय बोलून आले होते. वाटेत आभाळाकडे लक्ष गेलं तेव्हा कळलं. काळंकुट्ट भरून आलं होतं, आणि मिलच्या मैदानात आदल्या दिवशी उकडलेलं धान वाळायला पसरलेलं होतं, भिजलं तर काळं पडून वास मारणारं. आवरायला माणूस नाही. सगळे भंडाऱ्याला बसमधून गेलेले.

गेटातून आत शिरलो आणि शेठनं गाडी तिथंच बंद केली. मैदानभर माणसं होती. बाया, बापे, मला गूळ-पाणी देणारी पाणकरीणसुद्धा. कुणी फावड्यानं धान ओढत होतं, कुणी दाताळ्यानं, बायका सूप आणि टोपल्या भरून ढिगावर टाकत होत्या. अर्ध्याहून जास्त मैदान मोकळं झालं होतं. दोघंतिघं ताडपत्री ओढत होते आणि वाऱ्यानं ती त्यांच्या हातात राहत नव्हती. चौकीदार काठी घेऊन कडेला उभा, मारावं की मदत करावी हे त्याला समजत नव्हतं.

शेठ गाडीतून उतरून तसाच उभा राहिला. त्याचे हात नुसते लोंबत होते. तेव्हा ढिगाच्या माथ्यावरून पाणकराचा तो पाळभर जाणारा आवाज आला.

"अबे शेठ! पाहून काय राहिला तू? धर ते टोक!"

अबे आणि तू. माझे कान त्या दोन शब्दांवर टवकारले, कारण जन्मभर माझं कामच ते. शेठनंही ऐकलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग धावत जाऊन त्यानं ताडपत्रीचं टोक धरलं, आणि चपला कुठं पडल्या ते बघितलं नाही. मीही पदर खोचला. सूप धरायला मला जमत नाही हे दोन बायांनी लगेच ओळखलं आणि मला दगड आणायला पाठवलं, ताडपत्रीवर ठेवायला. शेवटचा दगड ठेवला आणि टपोरे थेंब सुरू झाले.

सगळे मिलच्या पडवीत शिरलो. लोकांचे केस, भुवया, सगळं धानाच्या धुळीनं पिवळं झालं होतं. शेठ पाणकरासमोर उभा राहिला. त्याला हात जोडायचे होते बहुतेक, पण जोडवेनात.

"काका, तुमी कसे आले?" एवढंच त्याला जमलं.

"बस जाताना पाह्यली. आभाय पाह्यलं. मंग आलो," पाणकर म्हणाला. आणि मग माझ्याकडे वळून, "बाई, तुमाले त्या दिवशी सांगतलं व्हतं ना, फिरती असते म्हून. हा आमच्या कामाले आला, आमी याच्या कामाले या लागते. थो गेला, आपन आलो, पुन्हा थो येईन. असंच चालत राहते. हार घातला का मंग काय राहते? मानूस पाहुना होते, आन पाहुना आपल्या गावाले चालला जाते."

मी म्हटलं, "चुकलं माझं." आयुष्यात हे वाक्य मी फार थोड्या वेळा म्हटलं आहे आणि दर वेळी घरातल्या घरात. पाणकरीण म्हणाली, "होते वो बाई, तुमी शहरात राह्यता." तुमसर म्हणजे शहर, हे ऐकून शेठला हसू फुटलं. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही.

"रडू नको, गा," पाणकर म्हणाला. "इर्जिक केली तं आता जेवाले घाल. भूक लागली."

मग काय, मिलमध्ये तांदळाला तोटा नव्हता. कामगारांच्या स्वयंपाकाची दोन मोठी गंजं, म्हणजे पातेली, होती, बायकांनी तीन दगडांच्या चुली मांडल्या, चौकीदाराला डाळ आणि बटाटे आणायला पिटाळलं. शेठ सदऱ्याच्या बाह्या वर करून तांदूळ धुवायला बसला. धुताना अर्धा तांदूळ पाण्याबरोबर वाहून जात होता. पाणकरिणीनं गंज त्याच्या हातातून ओढून घेतलं आणि त्याला कांदे कापायला बसवलं.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. कार्यक्रमातले कुणी वरिष्ठ अधिकारी होते. शेठच्या हाताला कांदा लागला होता, म्हणून फोन मीच त्याच्या कानाशी धरला. सभागृह भरलं आहे, तुमची सूनबाई इथं आहेत, तब्येत कशी आहे, गाडी पाठवू का, असं ते फार आपुलकीनं विचारत होते. मला वाटलं होतं, शेठ कार्यक्रमाला नाही म्हणतो ते आता तरी बदलेल. राख गेली होती, गावानं त्याला तू म्हटलं होतं, आणि पाऊसही उघडत आला होता. तासाभरात पोचता आलं असतं. त्यानं एकदा चुलींकडे बघितलं, एकदा पडवीत पाय पसरून बसलेल्या माणसांकडे.

"साहेब, माफी करा. तब्येत एकदम चांगली हाय," तो म्हणाला. "पन आज मले येता येत नाही. माझ्या घरी इर्जिक हाय. लोक जेवाचे हायेत."